विकाऊ घराची छबी

उपवर मुलामुलींचीं छायाचित्रें आणि विकाऊ घरांचीं छायाचित्रें या दोहोंत एक विलक्षण साम्य असतें. दोन्हीं अशा माणसासाठीं काढलेलीं असतात कीं, ज्याची आपली ओळख नाहीं, आणि ज्याच्या होकारावर मात्र आपलें पुष्कळसें अवलंबून आहे. हल्लीं घर घेणारा गृहस्थ प्रथम उंबरठ्यावर येत नाहीं. तो फोनच्या पडद्यावर घर पाहतो, आणि तेथें नापसंत झालेल्या घराची पायरी तो कधींच चढत नाहीं.

वडिलांच्या पश्चात् त्यांची पुण्यांतील सदनिका विकावयाची असें आम्हां भावंडांत ठरलें, आणि एका तरुण छायाचित्रकारापासून मला या विद्येचे पहिले धडे घ्यावे लागले. कॅमेरा तिवईवर, छातीइतक्या उंचीवर व अगदीं समपातळींत ठेवावा. तो वर किंवा खालीं किंचित् कलला कीं उभ्या भिंतीही कोसळूं पाहतात. पडदे सारावेत आणि दिवे मालवावेत. कारण दिव्याचा पिवळा व आकाशाचा निळसर उजेड एकमेकांत मिसळले कीं पांढरी भिंत कावीळ झाल्यासारखी दिसते. खिडकी डोळे दिपविणारी आणि कोपरा अंधारा, अशी अडचण आल्यास कमीअधिक उजेडाचीं तीन चित्रें घेऊन त्यांचें एक करावें. एवढें शास्त्र कोणालाही अर्ध्या तासांत समजण्याजोगें आहे.

अवघड भाग आहे तो आवराआवरीचा. दोरीवरचे कपडे, औषधांच्या बाटल्या, दिनदर्शिका हें सारें आम्हीं निमूटपणें हलविलें. मग तो तरुण आईच्या तसबिरीपाशीं थबकला. “ही उतरवूं या का, सर? पाहणाऱ्याला त्या खिळ्यावर स्वतःच्या घरची तसबीर दिसली पाहिजे.” माझ्या बहिणीनें ती उतरविली, पदरानें पुसली आणि उराशीं धरून ती आंतल्या खोलींत गेली. खरेदीखत पुढें कांहीं महिन्यांनीं झालें. पण तें घर आमच्या हातून गेलें तें त्या क्षणीं, असें मला अजून वाटतें.

निजायच्या खोलींत एका कोपऱ्यांत ओलीचा डाग होता. दलाल म्हणाला, “कपाट जरा इकडे सरकवा, काम झालं.” छायाचित्रांतून असा डाग पुसून टाकण्याची सोयही आतां संगणकांत आहे. तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, आपल्या भाषेनें ‘आवरणें’ आणि ‘आवरण’ हे दोन शब्द किती जवळजवळ ठेवले आहेत! घर आवरणें हा पाहुण्याचा आदर. दोषावर आवरण घालणें ही त्याची फसवणूक. रुंद कोनाचें भिंग याच सीमारेषेवर उभें असतें. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरच्या भिंगांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारें 84 अंशांचें दृश्य मावतें, तर 16 मिलिमीटरच्या भिंगांत 107 अंशांचें. पहिल्यानें खोली दिसते. दुसऱ्यानें ती फुगते, समोरची भिंत दूर पळते आणि दहा फुटांचा दिवाणखाना सभागृह होऊन बसतो.

नव्या बांधकामांच्या बाबतींत, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात त्या 2016 च्या कायद्याचें 12 वें कलम आहे. जाहिरातींतील किंवा नमुना सदनिकेंतील खोट्या माहितीवर विसंबून ज्यानें पैसे भरले, त्याला प्रवर्तकाकडून भरपाई मागतां येते. व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असल्यास रक्कम व्याजासह परत मागतां येते. जुनें राहतें घर विकणाऱ्यास तें कलम लागत नाहीं. त्यानें स्वतःपुरता कायदा स्वतःच करावयाचा असतो. आम्हीं डाग दिसूं दिला, आणि प्रत्येक खोलीच्या चित्राखालीं तिची लांबीरुंदी फुटांत लिहिली. दलालानें कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकें थोडीं आलीं हें खरें. पण जीं आलीं, त्यांपैकीं एकाच्याही तोंडून ‘फोटोंत मोठी दिसत होती’ असा उद्गार निघाला नाहीं. जन्माची पुंजी घेऊन, कर्जाचे हप्ते मनांत मोजीत माणूस जिना चढत असतो. आपण त्याच्या डोळ्यांपुढें ठेवलेलें चित्र पहिल्या पावलालाच खोटें ठरूं नये, एवढेंच या कलेचें सारें मर्म आहे.