ओढ्याकाठचा शीळकरी



१२ नोव्हेंबर ही तारीख आपल्या घरच्या कॅलेंडरवर बहुधा कोरीच असते. तरी ती लक्षात ठेवावी अशी आहे. १८८० साली या दिवशी पारनेरला पांडुरंग महादेव बापट जन्मले आणि १८९६ साली याच दिवशी मुंबईत डॉ. सालिम अली जन्मले. एकाने शेतकऱ्याच्या जमिनीसाठी तुरुंगवास सोसला, दुसऱ्याने पाखरांच्या अभ्यासात आयुष्य वेचले. मला ही दोन माणसे एका पाखरामुळे एकत्र आठवतात. त्याचे नाव शीळकरी कस्तूर.

शेतीखात्यातली माझी बरीच वर्षे घाटमाथ्यावरच्या भाताच्या गावांत गेली. आषाढात कुठे मुक्काम पडला, की उजाडायच्या आत ओढ्याकडून शीळ येई. नवख्याला वाटावे, कोणी पोरगा अर्धवट आठवणारे गाणे शिळेवर घोळवतो आहे. गावातली म्हातारी माणसे हसून म्हणत, "साहेब, ते पोर नव्हे, पाखरू आहे!"

कस्तूर साळुंकीएवढा, निळसर काळा. कपाळावर आणि खांद्यावर मात्र चकचकीत निळा रंग. वाहते पाणी आणि दाट सावली असेल तिथे तो हमखास सापडतो. किडे, गोगलगायी, बेडूक, खेकडे टिपतो, रानफळेही खातो. पावसाळ्यात ओढ्याच्या कपारीत, कधी धबधब्याच्या धारेमागे, शेवाळ आणि मुळ्यांचे घरटे चिखलाने पक्के करतो. दोन-तीन अंडी, सोळा-सतरा दिवसांची उबवण. पावसाळा सरला की शीळही थांबते.

आता त्या दोघांकडे वळू. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पाखरांचेच झाले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर दिवसेंदिवस नजर ठेवली आणि दिसले ते लिहून काढले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले.

बापटांनी १९२१ पासून मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रह केला. तेव्हापासून लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. धरण झालेच, गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. त्याच मुलखातल्या ताम्हिणी घाटात आजही कस्तूर शीळ घालतो.

मुळशीसाठी माणसे उभी राहिली, म्हणून ते खोरे आपल्या आठवणीत आहे. आपला ओढाकाठ मात्र गुपचूप जातो. या वर्षी राबासाठी चार फांद्या, पुढच्या वर्षी एक जांभूळ, मग उंबर. त्यात आपण फवारणीचा पंप ओढ्यातच धुतो. औषधाने खेकडे, बेडूक मरतात. सावली गेली की शेवाळ वाळते. एका आषाढात शीळ ऐकू येत नाही आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. काठाच्या मुळ्या गेल्या, की पुराबरोबर जाते ती माती तुमच्याच खाचराची असते.

म्हणून माझे दोन शब्द ऐका. पंप ओढ्यापासून, विहिरीपासून लांब पडीक जागी धुवा. राबाला फांद्या घ्यायच्या तर काठ सोडून घ्या.

आणि एक काम मुलांना सांगा. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा. त्या तारखेपासून १२ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात पोरांना वही देऊन ओढ्यावर न्या. काठावर झाडे कोणती, पाखरे कोणती, पाणी कुठवर वाहते, हे लिहू द्या. सपाटीवरच्या गावात कस्तूर नसेल, पण खंड्या असेल, धोबी असेल. पुढल्या वर्षी त्याच तारखेला तीच वही घेऊन पुन्हा जा. काय कमी झाले, ते पोरेच तुम्हाला सांगतील.

आपला,
एक कृषी विस्तार अधिकारी