सपोर्टची मुदत आणि संगणकाचे आयुष्य

ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्या मधली व्यवस्था होय. कळफलकावर दाबलेले अक्षर ओळखणे, प्रिंटरला आज्ञा देणे, फायली जागच्या जागी ठेवणे आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या जागेत हात घालू नये म्हणून पहारा ठेवणे ही सारी कामे तिच्याकडे असतात. ती विकत घेताना ग्राहक वस्तूबरोबर एक वचनही विकत घेत असतो: तिच्यात पुढे सापडणारे दोष उत्पादक कंपनी एका ठरावीक तारखेपर्यंत दुरुस्त करून देईल. या वचनाला व्यवहारात सपोर्ट म्हणतात आणि ते किती काळ, कोणत्या टप्प्यांत व कोणत्या अटींवर पाळले जाईल हे कंपनीच्या सपोर्ट-धोरणात नमूद असते. संगणक घेताना किंमत, रॅम, हार्ड डिस्क यांची चौकशी प्रत्येक जण करतो. वचनाची तारीख मात्र क्वचितच विचारली जाते. वास्तविक यंत्र किती वर्षे निर्धास्तपणे वापरता येईल, हे किमतीपेक्षा त्या तारखेवरच अधिक अवलंबून असते.

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला वसलेल्या मयूर विहारमध्ये या गोष्टीचे महत्त्व सहज ध्यानात येते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था मिळून ही वस्ती घडली असून, अशा संस्थेच्या लहानशा कार्यालयात बहुधा एकच संगणक असतो. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी, भाडेकरूंच्या ओळखपत्रांच्या प्रती, देखभाल खर्चाची बिले आणि बँकेचे व्यवहार हे सारे त्याच यंत्रात साठलेले असते. दाराबाहेर भिंतीवर आग विझवण्याचे लाल नळकांडे टांगलेले असते आणि त्याच्या गळ्यातील लेबलावर पुढच्या भरणाची तारीख लिहिलेली असते. लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराची तारीखही सचिवांच्या फायलीत असते. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीमला अशीच तारीख असते, पण तिचे लेबल कुठेही लावलेले नसते. २०२५ च्या दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना, १४ ऑक्टोबर रोजी, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला, तेव्हा ही न लिहिलेली तारीख जगभरच्या कोट्यवधी संगणकांवर एकाच दिवशी उलटून गेली.

अपडेट, अपग्रेड आणि सपोर्टचे टप्पे

बोलताना अपडेट आणि अपग्रेड हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु सपोर्ट-धोरण समजून घेण्यासाठी त्यांतील फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. आहे त्याच सिस्टीममधील दोष काढणारी किंवा तिच्यात लहानसहान भर घालणारी दुरुस्ती म्हणजे अपडेट, तर एका पिढीची सिस्टीम काढून पुढच्या पिढीची बसवणे म्हणजे अपग्रेड. सुरक्षेतील एखादे छिद्र बुजवणाऱ्या अपडेटला पॅच, म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २००३ पासून पॅच देण्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून घेतला असून, पॅच प्रसिद्ध होण्याची अमेरिकेतील सकाळची वेळ भारतात मंगळवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकरा अशी येते. त्यामुळे बुधवारी सकाळी कार्यालयातील संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो, तो बिघडलेला नसून ठिगळ लावून घेत असतो.

जुन्या पद्धतीच्या धोरणात सपोर्टचे दोन टप्पे असत. पहिल्या, म्हणजे मुख्य टप्प्यात, कंपनी नव्या सोयीही देई आणि दोषही दुरुस्त करी. दुसऱ्या, म्हणजे विस्तारित टप्प्यात, मुख्यतः सुरक्षेची ठिगळेच मिळत. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, तिचा मुख्य सपोर्ट १४ एप्रिल २००९ रोजी आणि विस्तारित सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज १० पासून हे धोरण बदलले: सिस्टीम ही सतत बदलत राहणारी सेवा मानली जाऊ लागली, तिच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र आणि तुलनेने आखूड मुदत मिळाली, आणि सपोर्ट हवा असेल तर चालू आवृत्तीवर येणे ग्राहकाला बंधनकारक झाले. एखाद्या संगणकावर विंडोज १० आहे एवढे कळणे म्हणूनच अपुरे ठरते. २२एच२ ही तिची शेवटची आवृत्ती त्यावर आहे की त्याआधीची, हेही पाहावे लागते.

टप्प्यांचा हा भेद मराठी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने केवळ तांत्रिक नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतावलीत २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. या निर्णयाच्या सुमारे सात महिने आधीच एक्सपीचा मुख्य सपोर्ट संपलेला होता, आणि तिच्यासोबत आलेला मंगल हा देवनागरी फाँट तर ‘ॲ’ला संकेत मिळण्याच्या कितीतरी आधीचा होता. त्यामुळे नव्या संगणकावर लिहिलेला ‘ॲड’ किंवा ‘ॲप’ हा शब्द मूळ स्थितीतील एक्सपीवर उघडला, की पहिल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसे. रुपयाच्या चिन्हाचेही असेच झाले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये दाखल झाले आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ यांच्यासाठी त्याचे स्वतंत्र अपडेट दिले. एक्सपी तोवर केवळ सुरक्षेपुरत्या टप्प्यात जाऊन पोहोचली होती. पुढे २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीत रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा ध्वन्यानुसारी कळफलक सिस्टीममध्येच मिळू लागला, तोही त्या आवृत्तीवर आलेल्यांनाच. भाषा बदलते, तिच्या लेखनाचे नियम बदलतात आणि ते बदल यंत्रापर्यंत पोहोचतात की नाही हे सपोर्टचा टप्पा ठरवतो.

मुदत उलटल्यावर धोका का वाढतो

मुदत संपलेला संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, पत्रे लिहितो, बिले छापतो. म्हणून ही तारीख म्हणजे कंपनीचा विक्री वाढवण्याचा डाव आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. कंपनीचा व्यापारी हेतू त्यात असतोच, तथापि धोकाही खरा असतो आणि त्याचे कारण ठिगळाच्या स्वरूपातच आहे. कंपनी एखादे ठिगळ प्रसिद्ध करते तेव्हा कापड नेमके कुठे फाटले होते, हेही ती नकळत जाहीर करते. दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा प्रोग्राम शेजारी ठेवून तपासला, की जाणकाराला मूळ छिद्र सापडते. नव्या सिस्टीमचा बराचसा भाग जुनीवरूनच आलेला असल्यामुळे तेच छिद्र जुन्या सिस्टीममध्येही असण्याची शक्यता मोठी असते, मात्र तिथे ते कधीच बुजवले जाणार नसते. अशा रीतीने नव्या सिस्टीमचे प्रत्येक ठिगळ हे जुनीच्या हल्लेखोराला मिळालेले मार्गदर्शन ठरते आणि मुदत उलटल्यानंतरच्या प्रत्येक महिन्यागणिक धोका साठत जातो.

२०१७ सालच्या दोन घटनांनी याचा पडताळा दिला. विंडोजमधील फायली वाटून घेण्याच्या यंत्रणेतील एका छिद्रासाठी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी ठिगळ दिले होते. १२ मे रोजी त्याच छिद्रातून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, आणि सपोर्ट संपून तीन वर्षे उलटलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला अपवाद म्हणून ठिगळ काढावे लागले. त्यात बाधित झालेल्या यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे मात्र एक्सपीची नसून विंडोज ७ ची होती, म्हणजे त्यांना सपोर्ट होता, ठिगळही उपलब्ध होते, पण ते लावले गेले नव्हते. पाठोपाठ २७ जून रोजी नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि तिचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलला बसून तेथील कामकाज ठप्प झाले. सपोर्ट ही सुरक्षेची आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. कंपनीने दिलेले ठिगळ लावून घेणे हा वचनाचा दुसरा अर्धा भाग असून तो ग्राहकाने पाळायचा असतो.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखून एटीएम यंत्रांच्या बाबतीत नुसता सल्ला न देता मुदत घालून दिली. अनेक एटीएम तेव्हाही एक्सपीवर चालत होती. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर येण्यासाठी टप्पे आखून देण्यात आले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान एक चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे. कंपनीची तारीख उलटून चार वर्षे गेल्यावर हा आदेश काढावा लागला, यातच तारखेची नोंद वेळेवर न ठेवल्याचा परिणाम दिसतो.

कंपनीची बाजू आणि ग्राहकाची किंमत

जुनी सिस्टीम कायम सांभाळणे कंपनीला अवघड का जाते, हेही समजून घेणे न्यायाचे होईल. प्रत्येक ठिगळ सपोर्ट असलेल्या प्रत्येक आवृत्तीवर, निरनिराळ्या प्रोसेसरांवर, प्रिंटरांवर आणि प्रोग्रामांवर तपासून घ्यावे लागते. आवृत्त्या वाढल्या की तपासण्या गुणाकाराने वाढतात. अपुरी तपासणी काय करू शकते हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले, जेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि भारतातील विमानतळांवरही प्रवाशांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या.

कंपनीचा हा खर्च वाचतो तेव्हा तो ग्राहकाकडे सरकतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचा, पण उत्तम चालणारा संगणक त्यामुळे अपग्रेडला अपात्र ठरतो. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली: घरगुती ग्राहकांना ३० डॉलर भरून किंवा आपल्या सेटिंग्जची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळे मिळतील, तर संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट दर देऊन कमाल तीन वर्षे. चढत जाणारा हा दर सिस्टीम बदलण्यासाठी वेळ देतो, जुन्याला कायमचा आसरा देत नाही.

या किमतीचा एक भाग पैशांत मोजता येत नाही. मयूर विहारच्या उत्तरेला, यमुनेच्या त्याच काठावर, सीलमपूर आहे. जुने संगणक फोडून तांबे व इतर धातू वेगळे काढण्याचे ते देशातील एक मोठे केंद्र असून, तेथील काम बहुतांशी असंघटित कामगारांच्या हातांनी, धूर आणि आम्ल यांच्या सान्निध्यात होते. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, परंतु धड चालणारे यंत्र केवळ सपोर्ट संपला म्हणून भंगारात जाणे टळले, तर तोच सर्वांत स्वच्छ उपाय ठरेल.

मुक्त सिस्टीमलाही मुदत असते

लिनक्स या मुक्त, म्हणजे मूळ संहिता सर्वांना खुली असलेल्या सिस्टीमचा पर्याय अशा यंत्रांसाठी खरोखर उपयुक्त आहे. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षे विनामूल्य अपडेट मिळतात; सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या पायावर तयार केलेल्या बॉस या भारतीय सिस्टीममध्ये मराठीची सोय आहे; आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वीकारलेली माया ही सिस्टीमही उबुंटूवरच आधारलेली आहे. तथापि मुक्त म्हणजे मुदतमुक्त नव्हे. सर्व्हरसाठी लोकप्रिय असलेल्या सेंटओएस ८ या लिनक्स-प्रकाराला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल असे गृहीत धरले जात असताना, ८ डिसेंबर २०२० रोजी तो २०२१ च्या अखेरीस संपेल असे जाहीर झाले आणि ज्यांनी त्यावर पुढच्या नऊ वर्षांची आखणी केली होती त्यांना वर्षभरात स्थलांतर करावे लागले. कोणत्याही पायावर दुसरी सिस्टीम उभारली, की पायाच्या मुदतीचा हिशेब तिलाही ठेवावाच लागतो.

तारखेचे लेबल

यावरून ग्राहकाचे काम स्पष्ट होते आणि ते अवघडही नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला, की सिस्टीमचे नाव व आवृत्ती दिसते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-ठिगळाची तारीख लिहिलेली असते. आणि कोणत्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो हे कंपन्या जाहीर करतात. धनत्रयोदशीला नवा फोन किंवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला सवलतीइतक्याच आग्रहाने विचारण्याचा प्रश्न असा, की याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील. गूगल व सॅमसंग यांनी आपल्या काही फोनांसाठी सात वर्षांचे वचन दिले आहे आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे फोनला अपडेट मिळत राहावीत, असा नियम लागू केला आहे. भारतात २०२२ च्या डिसेंबरमध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले; त्याच दिशेने पुढचे पाऊल म्हणून सपोर्टची अखेरची तारीख खोक्यावर छापणे बंधनकारक व्हायला हवे.

तोवर हे लेबल ग्राहकालाच लिहावे लागेल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ इतरांची माहिती बाळगणाऱ्याकडून तिच्या वाजवी सुरक्षेची अपेक्षा करतो, आणि सभासदांचे पत्ते व भाडेकरूंची ओळखपत्रे सांभाळणाऱ्या गृहनिर्माण संस्थेलाही ती अपेक्षा टाळता येणार नाही. संस्थेच्या ज्या नोंदवहीत लिफ्टचा करार, पाण्याच्या टाकीची सफाई आणि अग्निशामक नळकांड्याचे भरण यांच्या तारखा लिहिल्या जातात, तिथेच आणखी एक ओळ असावी: संगणक, त्यातील सिस्टीम, तिची आवृत्ती आणि सपोर्ट संपण्याची तारीख. ही ओळ वार्षिक सभेपुढे वाचली गेली, तर नवा संगणक घ्यायचा, पैसे भरून मुदत वाढवायची की त्याच यंत्रावर लिनक्स बसवायची, याचा निर्णय सभासदांना शांतपणे आणि वेळेत घेता येईल. तारीख माहीत असलेली मुदत ही आखणीचा विषय असते; तारीख माहीत नसलेली मुदत एखाद्या बुधवारी सकाळी, कार्यालय उघडण्याच्या वेळी, संकट होऊन समोर उभी राहते.