वाटेत गळणारी पॅकेट्स

महाजालावरून जाणारा मोठा संदेश अखंड स्वरूपात जात नाही. त्याचे लहान लहान भाग केले जातात आणि प्रत्येक भागावर पत्ता लिहिलेला असतो. या भागांना पॅकेट म्हणतात आणि त्यांना योग्य वाटेला लावणाऱ्या यंत्राला राउटर. आलेली पॅकेट्स राउटर क्षणभर रांगेत थांबवतो व एकेक पुढे धाडतो. रांग पूर्ण भरली की त्यानंतर येणारे पॅकेट टाकून दिले जाते.

आमच्या धर्मग्रामातील काही वृद्ध, अंथरुणाला खिळलेली माणसे रविवारची मिस्सा मोबाइलवर पाहतात. हे प्रक्षेपण मध्येच तुटू लागले. प्रवचनातील वाक्ये अर्धवट राहू लागली, चित्र गोठू लागले. पवित्रीकरणाची घंटा सलग तीन रविवार आपल्याला ऐकू आली नाही, असा निरोप एका आजींनी पाठवला. त्यानंतर मला स्वस्थ बसवेना.

संगणकाची जाण असलेल्या युवकांनी सोमवारी तपासणी केली, तेव्हा एकही पॅकेट गळत नव्हते. दोष केवळ गर्दीच्या वेळीच प्रकट होत असल्याने गर्दीतच तो शोधणे भाग होते. पुढच्या रविवारी त्यांनी मिस्सेच्या वेळी दोन चाचण्या घेतल्या. राउटरपर्यंत धाडलेली सर्व पॅकेट्स सुखरूप परतली. मात्र त्यापलीकडे धाडलेल्यांपैकी काही हरवली आणि उरलेली फार उशिरा परतली. म्हणजे आतल्या तारा निर्दोष होत्या. कोंडी राउटरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर होती. त्याच तासाला सभागृहातील कित्येक फोन छायाचित्रांच्या प्रती बाहेर धाडत होते.

अधिक लांब रांग ठेवणारा राउटर घ्यावा, अशी एक सूचना आली. परंतु रांग लांबवल्याने वाट रुंद होत नाही. पॅकेट गळण्याऐवजी उशिरा पोहोचते, इतकेच.

या व्याधीचा इतिहास जुना आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील वहन सेकंदाला ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आले. अंतर होते सुमारे ४०० यार्डांचे! पोच मिळेना म्हणून संगणक तीच पॅकेट्स घाईघाईने पुन्हा धाडत होते आणि कोंडीत भर घालत होते. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनी सुचवलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक संगणकाने संथपणे आरंभ करावा, आणि पॅकेट हरवताच ती कोंडीची खूण मानून आपला वेग स्वतःच कमी करावा, असा तो उपाय होता. आजही महाजाल मोठ्या प्रमाणावर या आत्मसंयमावर उभे आहे.

आम्हीही तोच मार्ग धरला. इतर वहनाला मर्यादा घातली आणि मिस्सेच्या प्रक्षेपणाला प्रथम स्थान दिले. घंटा पुन्हा घराघरांत ऐकू येऊ लागली.

तुडुंब भरलेली रांग पॅकेट कोणाचे, हे विचारत नाही. तिला छायाचित्र आणि घंटा सारखीच. कुटुंबात आणि धर्मग्रामातही असेच घडते. सर्वजण एकाच वेळी पुढे सरसावले की दुर्बलाचा क्षीण आवाज वाटेतच गळून पडतो, आणि तो पाडला कोणी, हे कोणालाच सांगता येत नाही. वाट सर्वांची आहे, हे ओळखून समर्थांनी थोडे थांबणे, हीदेखील बंधुप्रीतीच होय.