बागेच्या पेटीला वाय-फाय देताना

खडकीतल्या आमच्या कार्यालयाची इमारत छावणीच्या जुन्या वस्तीतली. भिंती दगडी आणि हातभर जाड. पुढे हिरवळ, कुंपणाने जास्वंद आणि तगर, मागे वर्षावृक्षाची दोन मोठी झाडं. हे सगळं आवार माळीमामा एकटे सांभाळतात. पाण्याचे कॉक सोडायचे आणि बंद करायचे ते त्यांनीच. त्यामुळे लागून सुट्ट्या आल्या की एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ पिवळी पडायची. मग कामाच्या दिवशी ती तूट भरून काढण्यासाठी पाणी जरा जास्तच सोडलं जायचं आणि त्यातलं बरंचसं गटाराकडे वाहून जायचं. उन्हाळ्यात जिथे टँकर मागवावा लागतो तिथे हे बघवत नाही.

म्हणून स्मार्ट सिंचनाची यंत्रणा घ्यायचं ठरलं. यंत्रणा तशी साधी असते. भिंतीवर एक कंट्रोलर, त्यातून जमिनीखालून गेलेल्या तारा आणि प्रत्येक फाट्यावर २४ व्होल्टवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. मातीत ओलाव्याचे सेन्सर. कंट्रोलर वाय-फायवरून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, हवामानाचा अंदाज घेतो आणि कोणत्या फाट्याला किती मिनिटं पाणी द्यायचं ते ठरवतो. खरेदीची कागदपत्रं माझ्याकडे होती, त्यामुळे जोडणीच्या वेळी मीही तिथेच उभी होते.

बसवायला आलेल्या कारागिराने पाईप, व्हॉल्व्ह, वायरिंग सगळं नीट केलं आणि शेवटी विचारलं, “वाय-फायचा पासवर्ड सांगा.” नेटवर्क सांभाळणारा आमचा तरुण सहकारी म्हणाला, “असा एक पासवर्ड इथे नाहीच.”

घरी राउटरला एक पासवर्ड असतो आणि तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. कार्यालयात ८०२.१एक्स नावाच्या पद्धतीने प्रत्येक माणूस आपल्या नावाने आत येतो. त्याचं खातं वेगळं, पासवर्ड किंवा डिजिटल प्रमाणपत्र वेगळं. कुणी नोकरी सोडली की तेवढं एक खातं बंद करायचं, बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही. पण बागेतल्या कंट्रोलरसारखी बहुतेक स्वस्त उपकरणं ही पद्धत जाणतच नाहीत. त्यांना नेटवर्कचं नाव आणि एक सामायिक पासवर्ड एवढंच कळतं. शिवाय त्यांच्यातली चिप साधारणपणे २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. अशा उपकरणांत सर्रास सापडणाऱ्या ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ या चिपांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतसुद्धा नाही. आमच्या आतल्या नेटवर्कचा भर नेमका ५ गिगाहर्ट्झवर होता.

मग पाहुण्यांसाठीचं वाय-फाय वापरून पाहिलं. तिथे जोडलं की आधी एक पान उघडतं, त्यात मोबाइल क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा. कंट्रोलरला ना पडदा, ना बोटं. तो नेटवर्कला जोडला गेल्याचं दाखवत होता, पण इंटरनेटपर्यंत पोहोचत नव्हता. कारागिराने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला, तेव्हा सगळं झटक्यात चाललं. यंत्रात बिघाड नाही हे त्यातून सिद्ध झालं. पण हॉटस्पॉट कारागिराबरोबरच घरी गेला असता.

यावर कार्यालयात सुचलेला उपाय अपेक्षितच होता: “मुख्य नेटवर्कवरच एक साधा पासवर्ड ठेवा ना, बागेची पेटी तर आहे.” सहकाऱ्याने त्याला ठाम नकार दिला, आणि माझ्या मते तो पूर्णपणे बरोबर होता. बागेची पेटी हादेखील एक छोटा संगणकच असतो, आणि तो भिंतीवर बाहेर, कुणाचाही हात पोहोचेल अशा जागी लागलेला असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले साठेक मूळ पासवर्ड एकेक करून लावून पाहत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने डाइन या कंपनीवर मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास अडखळत राहिल्या. त्याआधी २०१३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी बँक कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते वातानुकूलन आणि शीतकरणाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या लॉगिनवरून. दार किरकोळ कामाचं होतं, पण ते आतल्या सगळ्या खोल्यांना जोडलेलं होतं.

आपल्याकडेही हा विषय कागदावर आला आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. कळवायच्या घटनांच्या यादीत इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्लेही आहेत. म्हणजे हिरवळीचा कंट्रोलर जोडला की त्याच्या नोंदींची जबाबदारीही आपल्याकडे येते. खरेदीच्या कागदांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी सहकाऱ्याने जे केलं ते सविस्तर सांगण्याजोगं आहे, कारण खर्च जवळजवळ काही आला नाही. त्याच अॅक्सेस पॉइंटवर त्याने उपकरणांसाठी आणखी एक नेटवर्क उभं केलं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. आतून ते स्वतंत्र व्हीलॅनमध्ये टाकलं, म्हणजे हवेत अँटेना एकच असली तरी आतली वाट निराळी. त्या वाटेवरून लेखा विभागाचा संगणक दिसत नाही, प्रिंटर दिसत नाही, शेजारचं दुसरं उपकरणही दिसत नाही. प्रत्येक उपकरणाला लांबलचक, वेगळा पासवर्ड. फायरवॉलवर नियम असा की बाहेरून कुणी आत यायचं नाही. आतूनही मोजक्याच कामांसाठी बाहेर जायचं: पत्ता शोधायला डीएनएस, घड्याळ लावायला एनटीपी, आणि कंपनीच्या सर्व्हरशी सांकेतिक संभाषणासाठी ४४३ आणि ८८८३ हे दोन पोर्ट. बाकी सगळं बंद.

तरी जोडणी लगेच जमली नाही. मोबाइलवरचं अॅप कंट्रोलरला आपल्याच नेटवर्कवर शोधतं, आणि आमचे मोबाइल दुसऱ्या वाटेवर होते. जोडणीपुरता एक मोबाइल उपकरणांच्या नेटवर्कवर आणावा लागला आणि उपकरणांनी एकमेकांना न दिसण्याचा नियम तेवढा वेळ सैल करावा लागला. काम झाल्यावर तो पुन्हा आवळला. आता अॅप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतं, मोबाइल कुठेही असला तरी.

इथेच आणखी एक मुद्दा निघाला, आणि तो मला तांत्रिक मुद्द्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. अॅपमध्ये खातं कुणाच्या नावाने उघडायचं? कारागीर आपल्या ईमेलने उघडून द्यायला तयार होता. बहुतेक ठिकाणी तसंच होतं, म्हणाला. म्हणजे आवार आमचं, पाणी आमचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आम्ही कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर खातं उघडलं, दुहेरी पडताळणी लावली आणि मामांना, पहारेकऱ्यांना फक्त पाणी सोडण्या-थांबवण्यापुरते अधिकार दिले.

त्यानंतरची अडचण दगडाची होती. कंट्रोलर पावसापासून वाचावा म्हणून लोखंडी पेटीत बसवलेला. धातू रेडिओलहरी अडवतो आणि वर हातभर जाड भिंत. पेटी बदलून प्लॅस्टिकची केली, कंट्रोलर पडवीत आणला, आणि सर्वांत जवळचा अॅक्सेस पॉइंट खिडकीच्या बाजूला सरकवला. कुणीतरी गच्चीवर मोठी अँटेना लावण्याचं सुचवलं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, पण शक्तीची मर्यादा पाळूनच. आणि खडकीत चहूकडे संरक्षण खात्याच्या आस्थापना. इथे नको तेवढा आवाज करायचा नाही, हे सहकाऱ्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

मागच्या वर्षावृक्षाखाली मात्र वाय-फाय पोहोचेना. पानांमधलं पाणी या लहरी शोषतं. पावसाळ्यात पानं भिजली की आणखीच. तिथल्या सेन्सरसाठी लोरा हे तंत्र वापरलं. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. वेग अगदी कमी, पण ओलाव्याचा एक आकडा पाठवायला वेग हवाय कशाला? सेन्सर कपॅसिटिव्ह प्रकारचा घेतला. मातीत उघडे धातूचे दोन काटे खुपसायचा स्वस्त प्रकार ओल्या मातीत लवकर गंजतो.

आणि मग जूनमधली पहिली सर आली. मामा दारात येऊन म्हणाले, “मॅडम, पाऊस पडतोय, तरी पाणी चालूच आहे.”

कंट्रोलर ज्या अंदाजावर चालत होता त्यात त्या दुपारी पाऊस नव्हता. पुण्यात वळवाच्या आणि पहिल्या सरींचं असंच असतं. खडकीत रस्ते वाहतात आणि शिवाजीनगरला धूळ उडते. खरं तर पिकाला पाणी किती लागतं याचा शास्त्रीय विचार आपल्या अगदी शेजारी झालेला आहे. १९२८ साली हवामान खात्याचं कार्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आलं, म्हणून तिथला चौक अजून सिमला ऑफिसचा. १९३२ मध्ये तिथेच एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने कृषी हवामानाचा विभाग सुरू झाला. ऊन, वारा, आर्द्रता आणि तापमान यांवरून माती आणि पानांतून किती पाणी उडून गेलं ते काढायचं आणि तेवढंच परत द्यायचं, हे आज कंट्रोलर करतो ते गणित. त्याची जगभर मानली जाणारी रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ साली छापली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले इरिगेशन शेड्यूलर हे अॅप शेतकऱ्यांना असाच हिशेब मांडून देतं. सूत्र पक्कं आहे. पण आवारात आत्ता पडणारा पाऊस त्याला कुणीतरी सांगावा लागतो.

आम्ही कंट्रोलरला पावसाचा सेन्सर जोडला. ठरावीक पाऊस झाला की तो व्हॉल्व्हचा प्रवाहच तोडतो, इंटरनेट असो वा नसो. मामांना प्रत्येक सोलेनॉइड व्हॉल्व्हवरचा छोटा स्क्रू दाखवला. तो सैल केला की वीज नसतानाही पाणी सुटतं. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या वाफ्याचा ते मराठीत लिहून झाकणांच्या आतून चिकटवलं. मग मुद्दाम इंटरनेट बंद करून पाहिलं. कंट्रोलरने आधीचं वेळापत्रक स्वतःच्या स्मृतीतून चालवलं. कोणतीही अशी यंत्रणा घेताना ही एक चाचणी पैसे चुकते करण्याआधी करून घ्यावी, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते. सर्व्हर दूर कुठेतरी बंद पडला म्हणून मे महिन्यात झाडं तहानलेली राहू नयेत.

मामा अजूनही सकाळी दोन बोटं मातीत घालून बघतात. वर्षावृक्षाखालचा सेन्सर कोरडं दाखवत असताना त्यांनी माती ओली असल्याचं सांगितलं. उकरून पाहिलं तर सेन्सरभोवती पोकळी राहिली होती. माती घट्ट दाबून बसवल्यावर आकडा जुळला. तेव्हापासून सेन्सर तपासणीच्या नोंदवहीत त्यांच्या निरीक्षणाचा रकाना आहे, आणि सहकारी फर्मवेअर बदलण्याआधी तो वाचतो.

आता मामांना कुंड्यांसाठी ठिबकचा वेगळा फाटा हवा आहे. कंट्रोलरवर जागा शिल्लक आहे, नेटवर्कला काही करावं लागणार नाही. फक्त तार फाटकाच्या रस्त्याखालून न्यायची आहे, आणि ते खोदकाम पावसाळा संपल्यावर करायचं ठरलं आहे.