पंखा बंद करा, बाई

शेजारच्या फ्लॅटमध्ये दारांना पॉलिश चाललंय. चपडा लाख आणि स्पिरिटचा वास जिन्यातून घरभर पसरला आणि मला एकदम काका आठवले. प्रेमाने नाही.

आत्या गेल्यावर तिचा जनानी तंबोरा काकांनी आपल्या हॉलमध्ये नेऊन ठेवला. तोही खिडकीशी, जिथे दुपारचं ऊन थेट भोपळ्यावर येतं. दर दिवाळीला सुतार बोलावून पॉलिश. आल्यागेल्याला ‘अस्सल मिरज’ म्हणून दाखवायचे. कुणी तार छेडली तर पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा ठण्ण आवाज. ‘जुना झालाय, चालायचंच,’ असं वर म्हणायचे. अहो, वयाने तंबोरा असा मुका होत नाही. त्याची जवार, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीचा नेमका उतार, गेलेली असते, ती काढून घ्यावी लागते. आणि तबलीवर पॉलिशचे थर चढवत गेलं की उरलासुरला आवाजही दबतो. पण पॉलिश दिसतं, जवार दिसत नाही.

आत्याबरोबर मी मिरजेला जायचे. एसटीत तंबोरा गवसणीसकट आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडू बघायचा आणि आत्या हुज्जत घालायची. सतारमेकर गल्लीत पोचलं की जवार काढणाऱ्या चाचांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पंखा बंद करा, बाई.’ भर मे महिन्यात! मग ते तारा सैल करून घोडीवरून बाजूला सारायचे आणि बारीक कानशीने घोडीच्या पाठीवर दोन हलके हात मारायचे. पांढरी भुकटी तबलीवर पडायची, ती फुंकरीने उडवायची. तारा पुन्हा जागेवर, पुन्हा षड्जाला मिळवायच्या, तारेखालचा सुती दोरा केसभर मागेपुढे सरकवायचा, कान लावायचा. मान हलली नाही की पुन्हा तारा सैल. दुपार अशीच जायची. घाम त्यांच्या नाकावरून टपकायचा, पण पंखा लागायचा नाही.

या गल्लीचं काम फरीदसाहेबांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं. घराणं मूळचं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. हत्यारांचे दिवस सरले आणि हात वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले. चकचकीत पॉलिश केलेल्या वाद्यांचे, अर्थात.

आणि हे मध्येच सांगते. चाचांची कानस जे करायची, त्याने सी. व्ही. रामनही चक्रावले होते. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकूच येऊ नये, असा यंग-हेल्महोल्ट्झचा नियम. तंबोरा आणि वीणा तो सरळ मोडतात, हे रामननी 1921 च्या निबंधात मांडलं. कारण घोडीच्या पाठीचा तो किंचित उतार. कंप पावणारी तार त्याला घासत राहते, म्हणून उपस्वरांचा झोत उठतो. तंबोऱ्यात मात्र ते घासणं जिथल्या तिथे बसवायला दोराही लागतो. आता हीच घासणारी तार घोडीत खाचा पाडते. उतार बिघडला की आवाज ठस्स. म्हणजे वाजवलं की जवार जाणार, आणि काढायची तर घोडीच झिजवायची. आत्याची सांबरशिंगाची घोडी अशीच झिजत झिजत संपली. सांबरशिंगाचा व्यापार तोवर कायद्याने बंद झाला होता; चाचांनी शिसवी घोडी बसवली. आत्या महिनाभर रुसली होती.

काम चालू असताना ती मला दर्ग्यात न्यायची, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीशी. खाँसाहेब 1937 मध्ये दौऱ्यावर असताना पार मद्रासकडे सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर गेले, पण निजले मिरजेत. वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चांगला होता, हे आत्या इतक्या अभिमानाने सांगायची की त्यांच्या गाण्याबद्दल बोलायचं राहूनच जायचं.

ती स्वतः मैफलीत कधी गायली नाही. सासरी चाललं नसतं. पण सांगलीत कुणी गाणारी आली की मागे तंबोऱ्यावर बसायला तिला बोलावणं यायचं, कारण तिच्यासारखा तंबोरा लावणारं आसपास कुणी नव्हतं. अशा एका मैफलीची कॅसेट माझ्याकडे आहे. निवेदक तबलजीचं नाव घेतो, पेटीवाल्यांचं गावासकट घेतो, तंबोऱ्यावर कोण ते सांगतच नाही. पण सुरुवातीची काही मिनिटं नुसता तंबोराच आहे. मग गाणाऱ्या बाई खाकरतात, कुणीतरी ‘माइक वर करा’ म्हणतं, आणि पहिला आलाप अर्ध्यावर येतो न येतो तोच माझ्या भावाने वरून टेप केलेली क्रिकेटची कॉमेंट्री सुरू होते.