मुंबईत उतरायचे कुठे?

मुंबई दक्षिणोत्तर लांबट पसरली आहे आणि लोकलचे रूळही त्याच दिशेने धावतात. म्हणून मुक्काम ठरवताना खोलीच्या भाड्याआधी जवळचे स्टेशन पाहावे. नावाजलेली बरीचशी ठिकाणे दक्षिण टोकाला एकवटली आहेत: १९२४ साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेले सीएसएमटी स्टेशन. फोर्ट-कुलाब्यात उतरणाऱ्याला ही पायी उरकतात. पण तिथले भाडे खिशाला चांगलीच चाट लावते. त्यापेक्षा दादर सोयीचे. पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही तिथे मिळतात. शिवाय पुलाखाली पहाटेच फुलबाजार भरतो. झेंडूच्या ढिगांतून, पाटीवाल्यांचे धक्के चुकवत चालणे हेही मुंबईदर्शनच. विमानतळाजवळचा मुक्काम पहाटेचे विमान असेल तरच घ्यावा.

लेणी पाहायला बहुतेक जण घारापुरी बेटावर जातात; तिथे गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी मात्र पाहुणे उगाच वगळतात. एकाच डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी, शिवाय पावसाचे पाणी साठवणारी कातळातली टाकी, हे दृश्य घारापुरीतही नाही. सोमवारी दोन्हीकडची लेणी बंद असतात. आणि सकाळच्या गर्दीत चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बोचकी घेऊन चढू नये.