झाडं लावून भागणार नाही

विद्यापीठाचा कार्बनभार कमी करायचा तर आवारात झाडं लावावीत, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे अगदी मनापासून मानत आले. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

ते बदललं विजेच्या बिलानं. विभागाची बिलं तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यांच्याशेजारी झाडांचा हिशेब मांडून पाहिला. चांगलं वाढलेलं एक झाड वर्षाकाठी ढोबळमानानं वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. नुकतं लावलेलं रोप त्यातला अगदी थोडासा. आपली वीज अजून मुख्यतः चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते आणि एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचा एसी दिवसभर चालला की दहा युनिटं सहज जळतात. झाडाची वर्षभराची कमाई तो तीन दिवसांत उडवतो.

गॅसचा हिशेब तर त्याहून वाईट. जुन्या एसींत आर-22 असतो. तो एक किलो गळाला, तर 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता हवेत अडकते. म्हणजे नव्वद झाडांचं वर्ष गेलं. दर उन्हाळ्यात आपण ‘गॅस भरून घ्या’ म्हणतो; आधीचा कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. प्रयोगशाळांतले उणे 80 अंशांचे फ्रीझरही रात्रंदिवस चालू असतात. बऱ्याचशा नमुन्यांना उणे 70 पुरतं, आणि तेवढ्यानं त्या फ्रीझरची वीज पाव हिश्शाहून जास्त वाचते.

परदेशी उपायांची नक्कल मात्र करू नये. केंब्रिज विद्यापीठानं 2016 पासून आपल्या उपाहारगृहांतून गाय आणि मेंढीचं मांस काढलं आणि दर किलो अन्नामागचं उत्सर्जन एक तृतीयांशानं घटलं. आपल्या मेसमध्ये वरण-भात शिजतो. आपला मोठा भार विजेचा आहे, आणि वाहनतळावरच्या दुचाकींचा.

झाडं मला आजही हवीत. पश्चिमेच्या भिंतीवर करंजाची सावली असेल, तर दुपारी खोलीत एसी लावावाच लागत नाही. पण रोपांच्या फोटोंनी हरित परीक्षणाची फाइल जाड करून विजेची उधळपट्टी झाकली जाते, ते मला आता सहन होत नाही. शंभर किलोवॉटची सौरयंत्रणा हजारेक चौरस मीटर गच्चीत मावते आणि वर्षाला सुमारे 1.4 लाख युनिटं देते. पाच हजार मोठ्या झाडांएवढं काम आहे हे, आणि आपल्या बहुतेक गच्च्या रिकाम्या तापत असतात.

सहकाऱ्यांनो, आपापल्या इमारतीचं वीजबिल मागून घ्या आणि दर महिन्याला सूचनाफलकावर लावा. एसी 26 वर ठेवून पंखा चालू करा. आणि सौरयंत्रणेचा ठराव व्यवस्थापन परिषदेपुढे जावा यासाठी विभागाचं पत्र याच सत्रात द्या.